टोकियोतील शिवजयंती, १९०७ : व्यासपीठावरचा यजमान आणि श्रोत्यांतला सोबती

१/
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराजवळ शाह शरीफ यांचा दर्गा आहे. मालोजी भोसले यांनी या पीराला नवस केला, त्यांना दोन पुत्र झाले आणि पीराच्या नावावरूनच त्यांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली गेली, अशी परंपरा सांगितली जाते. शरीफजी १६२४ साली याच जिल्ह्यातील भातवडीच्या लढाईत कामी आले. शहाजीराजांचे पुत्र म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज. ज्यांच्या घराण्याच्या कथेत नगरच्या निजामशाहीला असे स्थान आहे, त्या महाराजांचा उत्सव २० एप्रिल १९०७ रोजी, शनिवारी, जपानच्या राजधानीत साजरा झाला. ही त्या उत्सवाची आणि त्यामागील विद्यार्थिजीवनाची कथा.

२/
प्रथम काळ समजून घ्यावा लागेल. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी आरमाराने रशियाचे आरमार बुडवले. एका आशियाई राष्ट्राने युरोपीय महासत्तेला समोरासमोर हरवले, ही वार्ता पुण्यापासून कोलकात्यापर्यंत दिवाळीसारखी पोहोचली. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला बंगालची फाळणी अमलात आली आणि स्वदेशीची चळवळ पेटली. विलायती माल टाकायचा, तर देशी माल बनवता आला पाहिजे. तो बनवण्याची विद्या कोठे मिळेल? इंग्लंडमधील कारखानदार ती सहजी देणार नव्हते. त्यामुळे अनेक तरुणांच्या नजरा पूर्वेकडे वळल्या.

३/
जपानमध्ये भारतीय तरुण जे विषय शिकू लागले, त्यांची यादी आज पाहिली तर एखाद्या वाण्याच्या दुकानाची आठवण होते : काच, काड्यापेट्या, साबण, चिनी मातीची भांडी, कापडाची रंगाई. महाराष्ट्रालाही या विद्येचे फळ मिळाले. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून उभ्या केलेल्या 'पैसा फंडा'तून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. त्याची तांत्रिक बाजू सांभाळणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे जपानमध्ये काचविद्या शिकून आलेले होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हेही या सुमारास जपानमार्गे अमेरिकेला गेले आणि पुढे क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेले.

४/
परंतु परदेशातील विद्यार्थी दिवसा जे शिकतो, ते त्याच्या शिक्षणाचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा भाग दिवे लागल्यानंतर सुरू होतो. खाणावळीतील जेवण, एकाच खोलीत राहणाऱ्यांची भांडणे, मायदेशाहून आलेल्या वृत्तपत्राचे सामुदायिक वाचन, व्याख्यानाच्या सभा आणि सणावारांची हौस या सर्वांतून तो स्वतःकडे नव्याने पाहू लागतो. १९०७ च्या टोकियोत हे 'दुसरे विद्यापीठ' जितके गजबजलेले होते, तितके आशियात क्वचितच अन्यत्र असेल.

५/
ही गजबज मुख्यतः चिनी विद्यार्थ्यांची होती. १८९६ साली चीनमधून अवघे १३ विद्यार्थी जपानला आले होते. दहा वर्षांत त्यांची संख्या आठ हजारांच्या आसपास पोहोचली. कांदा भागात त्यांचे विद्यार्थी-भवन होते, अवतीभवती चिनी खाणावळी आणि पुस्तकांची दुकाने उभी राहिली होती. पुढे आधुनिक चिनी साहित्याचे अध्वर्यू ठरलेले लू शुन हे त्यांपैकीच एक. त्यांनी आपल्या आठवणींत या भवनाचे मिस्कील वर्णन केले आहे : संध्याकाळ झाली की एका खोलीतील जमीन धडधडू लागे, सर्वत्र धूळ उडे, कारण देशाच्या उद्धारासाठी आलेली काही मंडळी तेथे पाश्चात्त्य नृत्याचे धडे गिरवत असत!

६/
त्याच शहरातील इतर सभागृहांत मात्र वेगळ्याच पावलांचा आवाज घुमत होता. १९०५ साली टोकियोत सन यत् सेन यांच्या नेतृत्वाखाली मांचू राजवट उलथून टाकण्यासाठी क्रांतिकारी संघटना स्थापन झाली. तिचे मुखपत्र 'मिन्पाओ', म्हणजे 'जनतेचे पत्र', टोकियोतूनच निघे. फ्रेंचांच्या अमलातून सुटू पाहणाऱ्या व्हिएतनामचे फान बोई चाऊ यांनीही आपल्या देशातील तरुणांना 'पूर्वेकडे चला' असे आवाहन करून जपानला आणले. अशा रीतीने चिनी, व्हिएतनामी, भारतीय असे पारतंत्र्याने गांजलेले तरुण एका शहरात, जवळजवळच्या गल्ल्यांत राहू लागले.

७/
चिनी विद्यार्थ्यांच्या तुलनेत भारतीय मूठभर होते. योकोहामा आणि कोबे या बंदरांत भारतीय व्यापारी होते, टोकियोत मुख्यतः विद्यार्थी. आओयामा भागात त्यांचे 'इंडिया हाउस' होते. भाषा वेगळ्या, प्रांत वेगळे, जेवणाच्या चवी वेगळ्या. बंगाली, पंजाबी, मराठी, गुजराती अशा तरुणांना 'आपण सारे एक' असे म्हणण्यासाठी एखादे निमित्त लागते. ते निमित्त त्या वेळी देशात तयारच होते : शिवोत्सव.

८/
शिवोत्सवाचा प्रवास लक्षात घेण्यासारखा आहे. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९६ साली रायगडावर तो सार्वजनिक स्वरूपात सुरू झाला. बंगालात तो रुजवला सखाराम गणेश देऊस्कर यांनी. ते बंगालीत लिहिणारे मराठी लेखक होते. १९०४ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी या उत्सवावर कविता लिहिली. जून १९०६ मध्ये कोलकात्याच्या शिवोत्सवाला टिळक स्वतः उपस्थित राहिले. म्हणजे टोकियोत हा उत्सव करू पाहणाऱ्या बंगाली तरुणाला शिवाजी महाराज परके नव्हते. महाराष्ट्राबाहेर त्यांची प्रतिमा 'स्वराज्य' या शब्दाशी एकजीव झाली होती.

९/
आजच्या वाचकाला एक शंका येईल : शिवजयंती तर फेब्रुवारीत असते, मग हा उत्सव एप्रिलमध्ये कसा? त्या काळी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेचा, म्हणजे १६२७ सालचा, मानला जाई. जेधे शकावली १९१६ साली प्रकाशात आली आणि तिच्यातील नोंदीमुळे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी अभ्यासकांपुढे आली. १९०७ मध्ये ही शकावली अद्याप प्रकाशित व्हायची होती. त्यामुळे टोकियोतील तारीखही तेव्हाच्या वैशाखातील प्रथेला जवळची होती.

१०/
उत्सवाचे ठिकाण होते तोरानोमोन भागातील मुलींचे एक विद्यालय. प्रमुख वक्ते म्हणून निमंत्रण होते ओकुमा शिगेनोबु यांना. ही निवड सहज झालेली नव्हती. ओकुमा हे १८९८ साली पंतप्रधानपद भूषवलेले ज्येष्ठ राजकारणी, वासेदा विद्यापीठाचे संस्थापक. त्यांच्या विद्यापीठात चिनी विद्यार्थ्यांसाठी १९०५ पासून स्वतंत्र विभाग होता. परदेशी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने जपानी औदार्याचा चेहरा कोणता, असे विचारले असते तर अनेकांनी त्यांच्याकडेच बोट दाखवले असते. अशा माणसाने शिवाजी महाराजांविषयी बोलावे, यात मोठी आशा दडलेली होती.

११/
श्रोत्यांमध्ये एक चिनी गृहस्थ बसले होते : चांग थाइयेन, 'मिन्पाओ'चे संपादक. मांचू सम्राटाविरुद्ध लिहिल्याबद्दल शांघायच्या तुरुंगात तीन वर्षे काढून ते जून १९०६ मध्ये सुटले आणि थेट टोकियोला आले. तुरुंगात त्यांनी बौद्ध तत्त्वज्ञानाचे ग्रंथ अभ्यासले होते. त्यांच्या मनात भारत म्हणजे बुद्धाची भूमी होती. टोकियोत त्यांना त्या भूमीतले हाडामांसाचे तरुण भेटले आणि स्नेह जुळला. त्या सभेचा वृत्तान्त त्यांनी मे १९०७ च्या 'मिन्पाओ'त प्रसिद्ध केला. आज या उत्सवाचे जे तपशील हाती लागतात, त्यांतील बराच भाग या एका चिनी लेखणीमुळे टिकला आहे.

१२/
चांग यांनी महाराजांचे नाव तीन चिनी अक्षरांत लिहिले. आजच्या चिनी उच्चाराप्रमाणे ते 'शी-फो-छी' असे काहीसे ऐकू येते; पुढे त्यांनी 'राजा' ही उपाधी जोडली. परकी सत्ता झुगारून स्वतःचे राज्य स्थापन करणारा पुरुष, ही ओळख त्यांना विलक्षण जवळची वाटली. चीनवर मांचू घराण्याचे राज्य होते आणि चांग त्या घराण्याला परके मानत. त्यामुळे मोगलांच्या जागी मांचू ठेवले की मराठ्यांचा इतिहास त्यांना स्वतःच्या देशाचे भविष्य भासू लागे.

१३/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. चांग यांनी पाहिलेले शिवाजी महाराज हे त्यांच्या गरजेच्या आरशातले होते, जसे कोलकात्यातल्या उत्सवातले बंगालच्या गरजेच्या आरशातले होते. नगरच्या दर्ग्याची कथा त्या आरशात मावत नाही. पीराच्या नावाने मुलांची नावे ठेवणारे भोसले घराणे, निजामशाहीच्या चाकरीत वाढलेले शहाजीराजे, भातवडीच्या रणात मलिक अंबरच्या बाजूने लढलेले मराठे सरदार हे सारे 'आपले विरुद्ध परके' या सरळ रेषेपेक्षा गुंतागुंतीचे आहे. उत्सवात प्रेरणा मिळते. ही गुंतागुंत मात्र सभा संपल्यावर ग्रंथ उघडूनच समजून घ्यावी लागते.

१४/
आता ओकुमा यांच्या भाषणाकडे वळू. चांग यांच्या वृत्तान्तानुसार, स्वराज्यसंस्थापकाच्या उत्सवात उभे राहून या थोर पाहुण्याने इंग्रजी राजवटीविषयी प्रशंसेचे शब्द काढले. भारतीयांनी दुसऱ्याला दोष देऊ नये, उठावाचा विचार सोडावा आणि आपला समाज सुधारावा, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. ज्यांनी आशेने बोलावले, त्यांनाच उपदेशाचे कडू औषध पाजले गेले. चांग संतापले. जपानमध्ये राहणाऱ्या निर्वासिताने ओकुमांसारख्या बड्या माणसावर छापील टीका करणे धोक्याचे होते. तरी त्यांनी ती केली.

१५/
ओकुमा असे का बोलले? कारण व्यक्तीपेक्षा राष्ट्राच्या हिशेबात अधिक आहे. १९०२ साली जपानने इंग्लंडशी मैत्रीचा करार केला होता. १२ ऑगस्ट १९०५ रोजी त्याचे नूतनीकरण झाले, तेव्हा त्याच्या कक्षेत भारतही आला. भारताच्या सीमेजवळ इंग्लंडला आपले हितसंबंध राखण्याचा अधिकार जपानने मान्य केला आणि कोरियातील जपानचे वर्चस्व इंग्लंडने मान्य केले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कोरियावर जपानचे संरक्षकत्व लादले गेले. ज्या विजयामुळे भारतीय तरुण जपानकडे ओढले गेले, त्या विजयानेच जपानला साम्राज्यांच्या पंक्तीत नेऊन बसवले होते.

१६/
ओकुमांच्या हिंसाविरोधाला एक वैयक्तिक किनारही होती. ऑक्टोबर १८८९ मध्ये, ते परराष्ट्रमंत्री असताना, परकीय राष्ट्रांशी चाललेल्या तहाच्या वाटाघाटींवर चिडलेल्या एका तरुणाने त्यांच्यावर बाँब टाकला. त्यात त्यांचा एक पाय गेला. तो तरुण 'गेन्योशा' या उग्र राष्ट्रवादी संघटनेशी संबंधित होता. या संघटनेचे नाव लक्षात ठेवावे. या कथेत ते पुन्हा येणार आहे.

१७/
बाँबचा विषय निघालाच आहे, तर नजर पुन्हा नगर जिल्ह्याकडे वळवू. पारनेरला १८८० साली जन्मलेले पांडुरंग महादेव बापट १९०४ साली शिष्यवृत्तीवर एडिंबरोला अभियांत्रिकी शिकण्यास गेले. इंग्रजी राजवटीवर कठोर टीका करणाऱ्या निबंधामुळे त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. मग लंडनमधील 'इंडिया हाउस'मध्ये त्यांचा वावर सुरू झाला आणि पुढे पॅरिसमध्ये हेमचंद्र दास यांच्यासह त्यांनी रशियन क्रांतिकारकाकडून बाँबविद्या मिळवली. हेच पुढचे सेनापती बापट. टोकियो आणि लंडन या दोन टोकांना, एकाच काळात, भारतीय विद्यार्थ्यांचे खरे शिक्षण वर्गाबाहेरच्या बैठकींत चालले होते.

१८/
दोन्ही ठिकाणांत फरकही होता. लंडनमध्ये शत्रू समोर होता. तेथे कोणी भ्रमात राहण्याचे कारण नव्हते. टोकियोत यजमान मित्र वाटत होता. तोरानोमोनच्या सभेने तो भ्रम फोडला. मात्र त्याच सभेने दुसरी गोष्ट दाखवून दिली : व्यासपीठावरच्या मान्यवरापेक्षा श्रोत्यांत बसलेला, स्वतःही देश गमावून बसलेला परदेशी अधिक भरवशाचा असू शकतो.

१९/
हा अनुभव वाया गेला नाही. त्याच वर्षी, १९०७ मध्ये, टोकियोत चिनी आणि भारतीय तरुणांनी मिळून 'आशियाई बंधुत्वा'ची एक संस्था स्थापन केली. तिची घटना चांग यांनी लिहिली. साम्राज्यवादाला विरोध आणि गमावलेल्या स्वातंत्र्याची पुनःप्राप्ती ही तिची उद्दिष्टे होती. एका देशात क्रांती झाली तर इतर देशांतील सभासदांनी तिला साहाय्य करावे, असा नियम होता. राष्ट्रवादी, प्रजासत्ताकवादी, समाजवादी, कोणीही सभासद होऊ शके; परराष्ट्रावरील आक्रमणाचे समर्थन करणाऱ्याला मात्र दार बंद होते. पहिली बैठक आओयामाच्या 'इंडिया हाउस'मध्ये भरली. साकाई तोशिहिको यांच्यासारखे जपानी समाजवादीही या वर्तुळात आले. यजमान देशातही सगळेच ओकुमांसारखे बोलत नव्हते.

२०/
ही संस्था फार काळ टिकली नाही. जून १९०७ मध्ये जपानने फ्रान्सशी करार केला होता. त्याचा फास आवळत जाऊन व्हिएतनामी विद्यार्थ्यांना जपान सोडावे लागले, १९०९ मध्ये फान बोई चाऊ यांनाही. ऑक्टोबर १९०८ मध्ये 'मिन्पाओ'वर बंदी आली. त्याच वर्षाच्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. कोतोकु शुसुइ या जपानी समाजवाद्याला जानेवारी १९११ मध्ये फाशी देण्यात आली. टोकियोच्या विद्यार्थिवस्तीतले दिवे एकामागून एक विझवले गेले.

२१/
परंतु ओकुमा आणि भारतीय यांची कथा येथे संपत नाही. २७ नोव्हेंबर १९१५ रोजी टोकियोच्या उएनो भागातील सेइयोकेन या उपाहारगृहात भारतीयांनी मेळावा भरवला. निमित्त नव्या जपानी सम्राटाच्या राज्यारोहणाचे. लाला लजपतराय तेथे होते आणि रासबिहारी बोसही. दुसऱ्याच दिवशी बोस आणि हेरंबलाल गुप्त यांना देश सोडण्याचा हुकूम मिळाला. मुदत २ डिसेंबरपर्यंत. इंग्रजांच्या आग्रहावरून हा हुकूम काढणाऱ्या सरकारचे पंतप्रधान होते ओकुमा शिगेनोबु.

२२/
बोस यांना वाचवले कोणी? 'गेन्योशा'चे अग्रणी तोयामा मित्सुरु यांनी. ज्या संघटनेच्या माणसाने ओकुमांचा पाय घेतला, तिच्याच नेत्याने ओकुमांचा हुकूम धुडकावून बोस यांना शिंजुकूमधील 'नाकामुराया' या बेकरीत लपवले. तोयामा हे विस्तारवादी विचारांचे होते. त्यामुळे हा आश्रयही निर्मळ आदर्शवादाचा म्हणता येत नाही. बोस पुढे बेकरीच्या मालकांचे जावई झाले आणि १९२७ साली तेथे त्यांच्या पद्धतीची भारतीय रस्साभाजी, 'करी', मिळू लागली. ती आजही मिळते.

२३/
आज महाराष्ट्रातील विद्यार्थी जपानी विद्यापीठांत जातात, तेव्हा त्यांच्यासाठी स्वागताचे मेळावे असतात, टोकियोत गणेशोत्सव आणि शिवजयंती साजरी होते. त्यांच्या डोक्यावर हद्दपारीची तलवार नाही. तरीही १९०७ च्या त्या सभेतील प्रश्न जुना झालेला नाही : परदेशात आपला उत्सव करताना मानाची खुर्ची कोणाला द्यायची, आणि मागच्या रांगेत बसलेल्या दुसऱ्या परदेशी विद्यार्थ्याची ओळख करून घ्यायची की नाही?

२४/
त्या शनिवारी मागे बसलेल्या माणसाशी कोणा भारतीय तरुणांनी ओळख करून घेतली होती. चांग यांनी पुढे आपल्या दोन भारतीय मित्रांना निरोप देताना स्वतंत्र लेख लिहिला. १९११ च्या अखेरीस मांचू राजवट कोसळू लागली तेव्हा ते चीनला परतले. भारताला आणखी ३६ वर्षे थांबावे लागले. नगरच्या पीराचे नाव धारण करणाऱ्या शहाजीराजांच्या पुत्राची कीर्ती मात्र चिनी अक्षरांत, टोकियोत छापलेल्या आणि पुढे बंदी आलेल्या एका मासिकाच्या पानांवर तेव्हापासून नोंदलेली आहे.